एकाच ट्यूबमध्ये नांदताना

ताईकडे गेलो की चहाच्या आधी तक्रार येते. त्या दिवशी तक्रार टॉवेलची होती. गडद निळा, दिवाळीत घेतलेला चांगला जाड टॉवेल, आणि त्याच्या एका टोकाला बोटांच्या ठशांएवढे नारिंगी-पिवळट डाग. उशीच्या अभ्र्यावरही तसाच, पण तिथे गालाच्या आकाराचा एकच मोठा. ताईने आधी साबणाची पावडर बदलली, मग कामवाल्या मावशींना विचारून झालं, मग मशीनवाल्याला फोन. डाग काही निघेनात. निघणार कसे? ते डाग नव्हतेच. डाग म्हणजे कापडावर काहीतरी येऊन बसलेलं. इथे कापडावरून काहीतरी निघून गेलं होतं. रंग उडाला होता.

मी बाथरूममधलं आरशामागचं कपाट उघडलं. टूथपेस्टच्या मागे भाचीची पंधरा ग्रॅमची ट्यूब सापडली. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: अ‍ॅडापलीन ०.१ टक्के, बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, जेल.

"मामा, ते माझं आहे," भाची दारातून म्हणाली. "आणि त्याचा काही उपयोग होत नाहीये. बारा दिवस झाले."

टॉवेलचा उडालेला रंग आणि तिचे बारा दिवस, दोन्हींचा उलगडा त्या ट्यूबमध्येच होता. पण तिथे पोचायला आधी मुरमाच्या पोटात शिरावं लागतं.

सुश्रुतसंहितेत मुरमांना मुखदूषिका म्हटलं आहे: तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुळ्या. उपमा देणाऱ्याने काटेसावर जवळून पाहिलेली असणार. सावरीचा काटा बाभळीच्या काट्यासारखा लांब सुईवजा नसतो. बुडाशी रुंद, वर टोक, आणि खोडाच्या आतूनच वर आल्यासारखा. हनुवटीवरची टणक पुळी बोटाने चाचपली की नेमकं तेच हाताला लागतं. पुढे चिकित्सेत सांगितलेले लेपही एकट्या द्रव्याचे नाहीत. वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी असा एक. धणे, वेखंड, लोध्र आणि कोष्ठ असा दुसरा. त्या लेपांनी किती गुण येई हा या प्रकरणाचा विषय नाही. मला त्यातलं एवढंच लक्षात ठेवावंसं वाटतं की मुरमाला एकटं औषध पुरत नाही, हा अंदाज बराच जुना आहे.

का पुरत नाही, ते त्वचेखाली पाहिलं की कळतं. चेहऱ्यावर दर चौरस सेंटिमीटरला चारशे ते नऊशे तैलग्रंथी असतात. तळहातावर आणि तळपायावर एकही नसते, म्हणून तिथे मुरूम येत नाही. प्रत्येक ग्रंथी केसाच्या बारीक नळीत तेल सोडते आणि ते तेल नळीच्या तोंडातून त्वचेवर पसरतं. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलींमध्येसुद्धा, आणि या ग्रंथी फुगतात, जास्त तेल गाळू लागतात. हा पहिला बिघाड. (बिघाड तरी कसला, वयच ते.) दुसरा बिघाड नळीच्या भिंतीत. या भिंतीच्या मेलेल्या पेशी एरवी सुट्या सुट्या होऊन तेलाबरोबर बाहेर वाहून जातात. मुरूमवाल्या नळीत त्या एकमेकींना चिकटून राहतात, तेलात कालवल्या जातात आणि आतच बूच बसतं. बुचाच्या मागे तेल साचलं की तिथे राहणाऱ्या एका जंतूची चंगळ होते; हा तिसरा बिघाड. हा जंतू आपल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतो, नितळ चेहऱ्यांवरही. त्याला हवा नको असते, तेल हवं असतं, आणि बंद नळीत दोन्ही सोयी असतात. याचं जुनं नाव प्रोपिओनीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याचं कुळ बदलून क्युटीबॅक्टेरियम केलं. तो तेलाचे तुकडे करतो, शरीराच्या पहारेकऱ्यांना चिथावतो, आणि मग चौथी गोष्ट सुरू होते: दाह. लाली, सूज, ठणका, पू. आपण ज्याला मुरूम म्हणतो तो या साखळीचा शेवटचा भाग.

मधली पायरीही आपल्याला दिसते, फक्त ओळखू येत नाही. बुचाचं तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड, बंद राहिलं तर व्हाइटहेड. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नव्हे. त्वचेतलं मेलॅनिन आणि हवेने काळवंडलेलं तेल यांचा तो रंग. त्यामुळे नाक खसाखसा घासून तो जात नाही. घासणाऱ्याचं नाक मात्र लाल होतं. "अंगात उष्णता फार आहे", "पोट साफ नाही", "लग्न झालं की जातात आपोआप" ही आमच्या लहानपणीची निदानं. शेवटच्यात थोडं तथ्य असावं. लग्न होईपर्यंत वय वाढलेलं असायचं.

आता बारा दिवसांचं. नळीत बूच बसायला सुरुवात झाली की ते लगेच दिसत नाही. सूक्ष्म बुचापासून डोळ्यांना दिसेल अशा पुळीपर्यंत आठवडे जातात, कधी दोन महिने. म्हणजे दिवाळीत आरशात दिसलेला मुरूम साधारण गणपतीत बसलेल्या बुचाचा असतो. चेहऱ्यावर जेल लावायला सुरुवात केली त्या दिवशी पुढच्या दोन महिन्यांची पुळ्यांची खेप आत तयारच असते. औषध मुख्यतः न दिसणारी बुचं रोखतं, दिसणारे मुरूम आपल्या गतीने बसतात. बारा आठवड्यांआधी निकाल काढू नये असं डॉक्टर म्हणतात ते यामुळे. भाचीने बारा बरोबर ऐकलं होतं, फक्त दिवस की आठवडे यात गल्लत झाली होती.

मुरमाच्या ट्यूबमध्ये सहसा तीन घराण्यांची औषधं असतात. तिघांचा जन्म अगदी वेगवेगळ्या ठिकाणचा.

बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुळात कारखान्यातलं रसायन. प्लॅस्टिक बनवताना साखळ्या जुळायला सुरुवात करून देणारं, मैदा पांढराशुभ्र करायला पिठाच्या गिरण्यांनी वापरलेलं. शुद्ध आणि कोरडं असेल तर तापवल्यावर किंवा घासल्यावर स्फोट होऊ शकतो, म्हणून ते पाण्याने ओलं ठेवूनच विकतात. अशा गृहस्थाला चेहऱ्यावर आणण्याचं धाडस टप्प्याटप्प्याने झालं. १९६५ साली कॅनडातल्या विल्यम पेस यांनी बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि गंधक एकत्र असलेल्या मलमाचा मुरमांवरचा अनुभव तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. म्हणजे मुरमांसाठीच्या त्याच्या सुरुवातीच्या प्रसिद्ध रूपातच तो जोडीने आला होता. त्वचेत शिरल्यावर तो फुटतो आणि ऑक्सिजनचे अत्यंत चळवळे कण सोडतो. ज्या जंतूला हवाच नको, त्याच्या बिळात ऑक्सिजन. जंतूचं कुठलंच प्रथिन, कुठलंच आवरण त्यातून सुटत नाही. उरलेल्या औषधाचं बेन्झोइक आम्ल होतं आणि ते लघवीवाटे निघून जातं.

हाच ऑक्सिजन टॉवेलच्या निळ्या रंगाचे रेणूही मोडतो. ब्लीच पावडर करते तेच. केसांच्या कडेला लागलं तर केसांचा रंग उतरतो, भुवयांचाही. ताईचा टॉवेल मैद्याच्या वाटेने गेला होता.

दुसरं घराणं जीवनसत्त्व अ चं. त्याच्या आम्लाचं नाव ट्रेटिनॉइन. १९६९ साली फिलाडेल्फियातल्या अल्बर्ट क्लिगमन, जेम्स फुल्टन आणि गर्ड प्लेविग यांनी ते मुरमांवर लावून पाहिल्याचा निबंध प्रसिद्ध केला, आणि १९७१ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. या शोधाच्या मागे एक काळी खोली आहे आणि ती न दाखवता पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. क्लिगमन यांनी १९५१ पासून दोन दशकांहून जास्त काळ फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर त्वचेचे प्रयोग केले. कैद्यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते, त्यांना किरकोळ पैसे मिळत आणि आपल्या पाठीवर काय लावलं जातंय हे पुष्कळांना धड सांगितलेलं नसे. ट्रेटिनॉइनच्या चाचण्यांचा काही भागही तिथलाच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. औषध मात्र खरं निघालं. ते पेशीच्या केंद्रकापर्यंत जातं, तिथल्या ठरावीक ग्राहकांना जाऊन चिकटतं आणि नळीच्या भिंतीतल्या पेशींची वागणूक बदलतं. पेशी पुन्हा सुट्या होऊन गळू लागतात, बूच बसत नाही, बसलेलं सैल होतं. मुरमाच्या मुळापर्यंत, म्हणजे दुसऱ्या बिघाडापर्यंत, पोचणारं चेहऱ्यावर लावायचं औषध म्हणून या घराण्याला मान आहे. अ‍ॅडापलीन हा याच घराण्यातला पुढच्या पिढीचा, प्रयोगशाळेत घडवलेला, स्वभावाने शांत सदस्य. अमेरिकेत १९९६ साली मंजूर झाला आणि २०१६ पासून तिथे ०.१ टक्क्याचं जेल चिठ्ठीशिवाय मिळतं.

तिसरं घराणं अँटिबायोटिकचं, म्हणजे मुख्यतः क्लिंडामायसिन. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात लिंकन नावाचं शहर आहे. तिथल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून लिंकोमायसिन मिळालं, आणि त्यात रासायनिक फेरफार करून क्लिंडामायसिन. जंतूच्या पेशीत प्रथिनं बनवणारी जी यंत्रं असतात त्यांच्यात ते पाचर मारतं. जंतू मरतो किंवा वाढायचा थांबतो, शिवाय दाहही कमी होतो. त्यामुळे क्लिंडामायसिन लावलं की काही आठवड्यांत लाली उतरलेली दिसते आणि रुग्ण खूश होतो.

इथेच घोटाळा आहे. पाचर एकाच ठिकाणी मारलेली असते. जंतूने त्या यंत्रातला एक खिळा बदलला की पाचर बसत नाही. असे बदललेले जंतू १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिसू लागले आणि पुढे सगळीकडे वाढले. एकटं अँटिबायोटिक महिनोन्‌महिने चेहऱ्यावर फासलं की नाजूक जंतू मरतात, निगरगट्ट उरतात, आणि ट्यूब तीच असून गुण येत नाही. शिवाय चेहऱ्यावर इतरही जंतू राहतात. त्यांनाही सराव होतो. बेन्झॉइल पेरॉक्साइडची गोष्ट निराळी. त्याला जुमानत नाही असा जंतू अजून कोणी दाखवलेला नाही. चोर कुलपाची किल्ली बनवू शकतो, पण घराला आग लागली तर किल्ली घेऊन काय करणार? म्हणून दोघांना बरोबर ठेवायचं. क्लिंडामायसिन दाह उतरवतं आणि त्याच्या तावडीतून सुटलेल्या निगरगट्ट जंतूंना बेन्झॉइल पेरॉक्साइड जाळतं. त्वचारोगाच्या आजच्या सर्व प्रमुख मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या सूचनांतही चेहऱ्यावरचं अँटिबायोटिक एकटं वापरू नये असं आहे.

जोडीचं खरं गणित हे आहे. दोन औषधांची ताकद एकमेकांत मिसळून दुप्पट होते म्हणून ती एकत्र आणत नाहीत. प्रत्येकाचा बिघाड वेगळा, आणि एक जण दुसऱ्याची पाठ राखतो.

कागदावर हे सोपं वाटतं. मी फार्मसी कॉलेजात जेल बनवायला शिकवत असे, तेव्हा पहिल्या तासाला एक खेळ करून दाखवायचो. कार्बोमर नावाची कापसासारखी हलकी पांढरी पावडर पाण्यात भिजवली की नुसतं गढूळ, पातळ, आंबट पाणी मिळतं. मुलं कंटाळतात. मग त्यात अल्कलीचे मोजून काही थेंब टाकून काचेच्या कांडीने ढवळायचं. एका क्षणात पाणी निवळतं आणि घट्ट होतं, इतकं की कांडी सोडून दिली तरी उभी राहते. जेल म्हणजे बहुतेक पाणीच, त्या पावडरच्या जाळ्यात अडकून बसलेलं. तेलकट मलमासारखं ते छिद्रं बुजवत नाही, म्हणून तेलकट चेहऱ्याला बरं. पण या पाण्याच्या घरात ज्यांना राहायचंय त्यांचे स्वभाव पाहावे लागतात. अ‍ॅडापलीन पाण्यात विरघळत नाही; पिठासारखे बारीक कण करून पसरवावं लागतं. बेन्झॉइल पेरॉक्साइडचंही तसंच. आणि पेरॉक्साइड हा मुळात भाजून काढणारा प्राणी. टॉवेलला सोडत नाही तो शेजारच्या औषधाला कसा सोडेल?

अँटिबायोटिकबरोबरच्या पहिल्या जोडीत ही अडचण उघड दिसते. १९८४ साली अमेरिकेत एरिथ्रोमायसिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल आलं. ते तयार विकता येत नसे. दुकानदार पावडर वेगळी ठेवायचा, रुग्ण आला की मिसळून द्यायचा, आणि रुग्णाने ते फ्रिजमध्ये ठेवून तीन महिन्यांत संपवायचं. दह्याच्या भांड्याशेजारी मुरमाचं औषध. २००० साली क्लिंडामायसिनची पहिली जोडी आली तेव्हाही दुकानातच पाणी घालून, हलवून मिसळावी लागत होती, फक्त फ्रिजची गरज राहिली नव्हती.

ट्रेटिनॉइनचं तर पेरॉक्साइडशी उभं वैर. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ट्रेटिनॉइन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड एकत्र करून उजेडात ठेवलं, तर सुमारे दोन तासांत निम्म्याहून जास्त ट्रेटिनॉइन नष्ट झालं आणि चोवीस तासांत ९५ टक्के. त्याच परिस्थितीत अ‍ॅडापलीन जसंच्या तसं राहिलं. हा निकाल वाचून किती जणांना आपल्या जुन्या चिठ्ठ्या आठवल्या असतील! तोवर कित्येक रुग्ण दोन वेगळ्या ट्यूब एकावर एक लावत होते, आणि एक ट्यूब दुसरीला गिळत होती. डॉक्टर एक सकाळी, एक रात्री असं लिहून देत त्याला हे भांडणही कारण होतं.

अ‍ॅडापलीनचा शांत स्वभाव कामाला आला तो इथे. २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेत अ‍ॅडापलीन ०.१ टक्के आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के असं तयार, फ्रिज न लागणारं, अँटिबायोटिक नसलेलं जेल मंजूर झालं. ताईच्या कपाटातली जोडी हीच. आणि २.५ टक्के म्हणजे कमी ताकदीचं असं कोणी समजू नये. १९८६ सालच्या एका तुलनेत २.५ टक्के, ५ टक्के आणि १० टक्के तिन्हींनी सुजलेले मुरूम जवळपास सारखेच कमी झाले, चुरचुर मात्र १० टक्क्याने जास्त झाली. मोठा आकडा बघून ट्यूब घेणाऱ्याने जास्त पैसे देऊन जास्त आग विकत घेतलेली असते.

वैऱ्यांनाही पुढे एका घरात आणलंच. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या एका औषधात ट्रेटिनॉइनचे आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचे कण सिलिकाच्या, म्हणजे वाळूच्याच घराण्यातल्या पदार्थाच्या, अतिसूक्ष्म कवचांत वेगवेगळे बंद केलेत. एकाच ट्यूबमध्ये, पण मध्ये भिंत. त्वचेवर गेल्यावर हळूहळू बाहेर यायचं. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तिघं एकत्र आले: क्लिंडामायसिन १.२ टक्के, अ‍ॅडापलीन ०.१५ टक्के, बेन्झॉइल पेरॉक्साइड ३.१ टक्के. अमेरिकेत मंजूर झालेलं असं हे पहिलं तिहेरी जेल.

गुण किती? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५१७ जण होते. बारा आठवड्यांनंतर चेहरा स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ झालेल्यांचं प्रमाण अ‍ॅडापलीन-बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने २७.५ टक्के, एकट्या अ‍ॅडापलीनने १५.५, एकट्या बेन्झॉइल पेरॉक्साइडने १५.४ आणि औषध नसलेल्या नुसत्या जेलने ९.९ टक्के. नव्या तिहेरी जेलच्या दोन चाचण्यांत हे प्रमाण जवळपास निम्म्या लोकांपर्यंत वाढलं. नुसत्या जेलच्या गटात ते पाव किंवा त्याहून कमी होतं. (नुसत्या जेलनेही काही जण बरे होतात ते काही चमत्काराने नव्हे. मुरूम मुळातच कमी-जास्त होत असतात, आणि चाचणीतला माणूस चेहरा नीट धुऊ लागतो.) जाहिरातीत हे आकडे दिसत नाहीत, कारण त्यातून दुसरं सत्यही दिसतं: जोडी एकट्यापेक्षा उघड सरस आहे, तरी तीन महिन्यांनी पुष्कळांचे काही मुरूम उरतातच. "स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ" ही परीक्षा कडक आहे. तिच्यात नापास झालेल्यांच्याही पुळ्या कमी झालेल्या असतात.

एका ट्यूबचा आणखी एक फायदा प्रयोगशाळेत नाही, बाथरूममध्ये कळतो. सकाळी एक, रात्री दुसरं, मध्ये अर्धा तास थांबा, असं लिहून दिलं की सोळा वर्षांची मुलं त्यातलं एकच पाळतात, आणि ते कुठलं हे त्यांनाही आठवत नाही. रात्री एकदा, एकच ट्यूब, हे जमतं.

तरी लावायचं कसं यात बहुतेकांची चूक होते. भाचीला मी करून दाखवायला सांगितलं. तिने बोटाच्या टोकावर जेल घेतलं आणि हनुवटीवरच्या पुळीवर टिळा लावल्यासारखं टेकवलं. मग दुसऱ्या पुळीवर. झालं. उरलेला चेहरा कोरडा. पण पुढच्या महिन्याचे मुरूम त्या कोरड्या भागात तयार होत असतात. हे जेल नुसतं पुळीवर लावायचं नसतं, मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर लावायचं असतं. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवायचा, टिपून पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मग पूर्ण चेहऱ्याला मिळून एका वाटाण्याएवढं. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच टिपके आणि पातळ पसरवायचे. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या बाजूच्या खोबणी आणि ओठांचे कोपरे सोडायचे. त्वचा तिथे पातळ असते आणि सर्वांत आधी तिथेच सोलते. दोन वाटाण्यांनी दुप्पट गुण येत नाही, दुप्पट आग होते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थोडी लाली, चुरचुर, कोरडेपणा येतोच. काहींच्या पुळ्या आधी वाढल्यासारख्या वाटतात. घाबरून थांबण्याऐवजी एक दिवसाआड लावावं, वरून साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं आणि दिवसा सनस्क्रीन. त्वचा फारच भाजल्यासारखी झाली तर थांबून डॉक्टरांना दाखवावं. आपल्या रंगाच्या त्वचेला हे नुसतं सुखासाठी नव्हे. गोऱ्या त्वचेवर दाह झाला की लाल डाग उरतो. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर काळा उरतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. मुरमाचा दाह डाग पाडतो तसा औषधाच्या अतिरेकाचा दाहही पाडतो. मुरूम गेला आणि डाग उरला की आपल्याकडे लोक दवाखाना बदलतात. आणि एक गोष्ट ठासून: दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्यावर लावू नये.

आता आपल्या बाजाराकडे. भारतात मुरमांसाठी खपणाऱ्या जोड्यांत अ‍ॅडापलीन आणि क्लिंडामायसिनचं जेल फार दिसतं. त्यात बूच सोडवणारा आहे, दाह उतरवणारा आहे, पण पाठराखण करणारं बेन्झॉइल पेरॉक्साइड नाही. जाणते डॉक्टर त्याच्याबरोबर सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश किंवा जेल देतात आणि काही महिन्यांनी अँटिबायोटिक काढून घेतात. दुकानातून जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर तीच ट्यूब आणणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

त्याहून वाईट जोडी निराळी आहे आणि तिचा पणजोबा पुन्हा क्लिगमनच. १९७५ साली त्यांनी चेहऱ्यावरच्या काळ्या चट्ट्यांसाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड असं तिहेरी मिश्रण सांगितलं. थोड्या काळासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली. आपल्याकडे तशीच स्टेरॉइडवाली मलमं गोरेपणासाठी, मुरमांसाठी, लग्नाआधीच्या उजळपणासाठी वर्षानुवर्षं वापरली गेली. पहिल्या आठवड्यात चेहरा खरंच उजळतो, लाली जाते. शेजारीण विचारते काय लावतेस. मग त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, गालांवर केस येतात आणि स्टेरॉइडच मुरूम उठवतं. बंद केलं तर आग होते, म्हणून पुन्हा लावलं जातं. या अवस्थेला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र नाव दिलं, इतकी ती इथे नेहमीची झाली. २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची सवलत काढून घेतली. मिश्र औषधांचा आपला इतिहासच असा आहे: २०१६ च्या मार्चमध्ये ३४४, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ३२८ आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये १५६ मिश्रणांवर केंद्राने बंदी आणली. एकत्र का आणलं याचं धड उत्तर अनेकांकडे नव्हतं. ट्यूबवर तीन नावं दिसली की प्रत्येकाचं काम काय हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा, आणि तिसरं नाव "सोन"ने किंवा "सॉल"ने संपत असेल तर दोनदा विचारावा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल.

बेन्झॉइल पेरॉक्साइडबद्दल अलीकडे एक काळजीही उठली. ते उष्णतेत तुटलं तर त्यातून थोडं बेन्झीन तयार होऊ शकतं, आणि बेन्झीन हे कर्करोगाला कारण होणारं रसायन. २०२४ मध्ये अमेरिकेत हा प्रश्न गाजला. तिथल्या औषध प्रशासनाने ९५ उत्पादनं तपासली. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी सांगितलं की बहुतेकांत बेन्झीन सापडलंच नाही किंवा नगण्य होतं, आणि मोजकी उत्पादनं बाजारातून परत घेतली गेली. आपण यातून एवढं करावं: मुदत उलटलेली ट्यूब टाकून द्यावी आणि मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती ठेवू नये.

फेब्रुवारीत पुन्हा ताईकडे गेलो. भाचीच्या कपाळावर जुन्या पुळ्यांच्या जागी तांबूस-काळे ठिपके होते, नवीन फारसं नव्हतं, नाकाच्या बाजूला एक ठणकणारी होती. डॉक्टरांनी हीच ट्यूब पुढेही चालू ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे आतली बुचं परत बसायला नकोत. ताईने घरातले सगळे टॉवेल आणि अभ्रे बदलून पांढरे आणले होते. "आता काय उडवायचंय ते उडव म्हणावं," ती म्हणाली.

रात्री भाची आरशासमोर उभी होती. नाकाजवळच्या त्या पुळीकडे तिने क्षणभर पाहिलं, बोट तिकडे गेलंही. मग हात मागे घेऊन तिने कपाळावर पहिला टिपका ठेवला.